लाल बावट्याचा वर्धापनदिन: तुमचे प्रश्न आणि एका सभासदाची उत्तरं

२०२५ च्या २ ऑगस्टला शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, ७८ वा वर्धापनदिन पनवेलला झाला, त्याचे फोटो आणि व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि त्यावरून वाचकांनी जे प्रश्न पाठवले ते या वेळी माझ्याकडे आलेत. मी रायगडातला, पक्षाचा साधा सभासद, पद कुठलंच नाही, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते माझं मत आहे, पक्षाचं पत्रक समजू नका. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: बातमीत लाल झेंडे बघितले म्हणून विचारतो, शेकाप म्हणजे कम्युनिस्टच ना? मग वेगळा पक्ष कशाला? (एक विद्यार्थी, पुणे)

कम्युनिस्ट पक्ष नाही, पण मार्क्सवाद मानणारा पक्ष आहे, आणि हे कसं ते समजायला थोडं मागं जावं लागेल. पक्ष जन्मला १९४७ ला, स्वातंत्र्य दारात उभं असताना, आणि जन्मला तो काँग्रेसच्या घरातच. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी मूळची ब्राह्मणेतर चळवळीतली, सत्यशोधक विचारात वाढलेली, नंतर काँग्रेसमध्ये आली आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यात काँग्रेस पोचली ती बऱ्याच अंशी यांच्यामुळे. जेधे तर प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले. पण स्वराज्य आता येतंय हे दिसायला लागल्यावर यांना प्रश्न पडला की ते येणार कुणासाठी, कसणाऱ्यासाठी की कसून घेणाऱ्यासाठी. काँग्रेसमध्ये या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेना, म्हणून आधी १९४६ मध्ये काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ काढला, मग पक्ष काढला आणि मग काँग्रेस सोडली. सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील, कोल्हापूरचे माधवराव बागल असे लोक त्यात होते.

मार्क्सवाद आला १९५० ला. मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला अधिवेशन झालं, तिथं जो प्रबंध मंजूर झाला त्याला आम्ही आजही दाभाडी प्रबंध म्हणतो, आणि त्यात पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्यावरून भांडणंही झाली, काही लोक बाहेर पडले, नाना पाटील पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले, दत्ता देशमुखांसारखे लोक लाल निशाण या दुसऱ्या डाव्या गटाकडे गेले आणि जेधे-मोरे तर काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परत गेले. म्हणजे ज्यांनी पक्ष काढला तेच राहिले नाहीत, पक्ष मात्र राहिला! मला स्वतःला यातच पक्षाची ताकद दिसते, कारण वरचे गेले तरी अलिबाग, पेण, पनवेल, सांगोला, कंधार इथल्या गावातल्या माणसांनी झेंडा खाली ठेवला नाही. वेगळा पक्ष कशाला याचं उत्तर हेच की आमच्या लोकांना वर्गाची भाषा पटत होती पण ती त्यांना महात्मा फुल्यांच्या वाटेनं कळली होती, मॉस्कोच्या वाटेनं नाही, आणि निर्णय आपल्या गावच्या माणसानं घ्यावा, दिल्लीहून येऊ नये हा हट्ट होता. आजही पक्षात एकमेकांना भाई म्हणतात, वय कितीही असो.

प्रश्न: आमची आजी चरीच्या संपाच्या गोष्टी सांगायची. पण तो संप तर १९३३ चा, पक्ष १९४७ चा. मग दरवर्षी वर्धापनदिनाच्या भाषणात चरीचं नाव का घेता? श्रेय घ्यायचं म्हणून? (एक वाचक, अलिबाग)

दादा, श्रेयाचा प्रश्नच येत नाही, संप कुळांचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचा होता आणि कुळांचाच राहील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात सभा झाली, नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. कसायची नाही म्हणजे नाहीच! भात पिकवणाऱ्या माणसानं भात पिकवायचं थांबवलं. घरात दाणा नाही, तर लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, पोरंबाळं अर्धपोटी राहिली, पण कुणी फुटलं नाही, आणि हे १९३९ पर्यंत चाललं, सहा वर्षं. कुठल्या देशात शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप झाला असेल तर मला दाखवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. पुढं १९३९ च्या कुळकायद्यात कूळ हा शब्द कागदावर आला, त्याला संरक्षण मिळालं. आपण आज सातबाऱ्यावर आपलं नाव बघतो ना त्याच्या मुळाशी ही माणसं आहेत.

आता पक्षाचा संबंध. नारायण नागूंच्या घरातली आणि त्या गावांमधली माणसंच पुढं शेकापमध्ये आली, त्यांचा मुलगा प्रभाकर पाटील, मग नात मीनाक्षीताई पाटील, नातू जयंतभाई पाटील. अलिबागहून निघणारं कृषीवल हे सुद्धा नारायण नागूंनी सुरू केलेलं वर्तमानपत्र. त्यामुळे भाषणात चरी येणारच, आणि यायलाच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. चरीचं नाव घेऊन टाळ्या मिळवायच्या आणि त्याच अलिबाग तालुक्यात आज डोंगर-किनारा विकला जातोय, बाहेरचे लोक येऊन बंगले बांधतायत, जो कसत होता त्याचा पोरगा त्याच जमिनीवर वॉचमन म्हणून उभा आहे, यावर मात्र दोन वाक्यात आटपायचं, हे मला सहन होत नाही. सहा वर्षं उपाशी राहून मिळवलेली जमीन दोन पिढ्यात गेली तर चरीचा वारसा म्हणून आम्ही नेमकं काय सांगणार आहोत?

प्रश्न: लाल झेंड्याच्या मंचावर राज ठाकरे आणि संजय राऊत? तुमच्यासारख्या जुन्या माणसाला हे पटलं का? (या आशयाचे बरेच प्रश्न, मुंबई, ठाणे, नाशिक)

पटलं का विचाराल तर अर्धं पटलं, अर्धं नाही, आणि दोन्हीची कारणं सांगतो.

पटलं ते यासाठी की राज ठाकरे त्या दिवशी जे बोलले त्यात रायगडच्या जमिनींचा विषय होता. स्थानिकांनी जमिनी विकून मोकळं होऊ नये, उद्योग येणार असेल तर त्यात भागीदारी मागावी, असं त्यांच्या बोलण्याचं सूत्र होतं. हा मुद्दा आमचाच आहे, आमच्या दि. बा. पाटलांनी, म्हणजे दिबांनी, तो चाळीस वर्षांपूर्वी रस्त्यावर मांडला होता. तो दुसरा कुणी मोठ्या आवाजात मांडत असेल तर मी तोंड फिरवणार नाही. आणि मराठीचा मुद्दा म्हणाल तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकाप पहिल्या रांगेत होता, समितीच्या १९५७ च्या निवडणुकीत आमचे लोक मोठ्या संख्येनं निवडून आले होते, सीमाभागासाठी एन. डी. पाटील सर शेवटपर्यंत झटले. मराठी माणूस हा विषय आम्हाला कुणी शिकवायला नको.

अर्धं पटलं नाही ते यासाठी की दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी काय, तर पाहुण्यांची. पाहुणे काय बोलले, पाहुण्यांचे कार्यकर्ते पुढं काय करून आले, पनवेलच्या डान्स बारची तोडफोड, सगळं तेच. शेकापनं त्या दिवशी कुठला ठराव केला, कुठल्या गावाचा प्रश्न हाती घेतला, हे कुणालाच सांगता येईना. वर्धापनदिन आपला आणि हेडलाईन दुसऱ्याची, असं झालं. पाहुणे बोलवायला माझा विरोध नाही, पण पाहुण्यानं आपल्या घरी येऊन आपल्या कामाविषयी ऐकून जावं, इतकं तरी काम आपल्या घरात दिसायला पाहिजे. माझ्या मते वर्धापनदिनाला सकाळचं पूर्ण सत्र बंद दाराआड, सभासदांचं असावं, तालुक्यानं उभं राहून सांगावं की वर्षभरात कुठली लढाई घेतली, कुठं जिंकलो, कुठं माणसं सोडून गेली, आणि मग संध्याकाळी खुशाल जाहीर सभा घ्यावी.

प्रश्न: आबासाहेबांसारखा आमदार परत होईल का हो? आमच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्या कुणाला मत दिलं नाही. (एक वाचक भगिनी, सांगोला)

ताई, तुमच्या प्रश्नानं मन भरून आलं. इतर वाचकांसाठी, आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. १९६२ ला पहिल्यांदा सांगोल्यातून निवडून आले आणि एकूण ११ वेळा आमदार झाले, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून. मध्ये १९७२ ला पडले, १९९५ ला पडले, तरी पक्ष बदलला नाही, रुसले नाहीत, परत कामाला लागले. विरोधी पक्षनेते झाले, मंत्री झाले, आणि प्रवास एसटीनं. ३० जुलै २०२१ ला गेले.

पण मला वाटतं आबासाहेबांची साधी राहणी सांगता सांगता आपण त्यांचं काम सांगायचं विसरतो, आणि हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. सांगोला हा पाऊस न पडणारा तालुका. तिथं त्यांनी पाणी हा एकच विषय धरून ठेवला, पन्नास वर्षं. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं ज्या पाणी परिषदा भरायच्या त्यात आबासाहेब कायमचे, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे, समान मिळालं पाहिजे, ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांचं पाणी त्या भागात दिसायला लागलं त्यामागं ही चिकाटी आहे. दुसरं म्हणजे सूतगिरणी. सहकारी संस्था काटकसरीनं, घोटाळ्याशिवाय चालवता येते हे त्यांनी सांगोल्यात दाखवून दिलं. ज्या महाराष्ट्रात सहकारी कारखाने आणि बँका पुढाऱ्यांनी बुडवल्या त्या महाराष्ट्रात ही गोष्ट एसटीच्या प्रवासापेक्षा कितीतरी मोठी आहे. आमच्याच रायगडात कर्नाळा बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये रद्द केला, पक्षाच्या माजी आमदारांना त्या प्रकरणात ईडीनं अटक केली, कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल, पण ठेवीदारांच्या डोळ्यातलं पाणी आमच्या पक्षाच्या नावावर लिहिलं गेलं. एकाच पक्षात सांगोल्याची गिरणी आणि पनवेलची बँक, हे दोन्ही आहे, आणि वर्धापनदिनाला दोन्ही आठवायला हवं.

परत होईल का? २०१९ ला आबासाहेब थांबले, नातू अनिकेत फक्त ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, तेही तिरंगी लढतीत, एका बाजूला शिंदेंची शिवसेना आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्याबरोबर आघाडी होती त्या ठाकरेंच्या शिवसेनेचाच उमेदवार. आज विधानसभेत आमचा तो एकच आमदार आहे. आजोबांच्या पुण्याईवर पहिली निवडणूक निघते, पुढची कामावर निघेल. तुमच्या वडिलांसारख्या माणसांनी जे मत दिलं ते पाण्यासाठी दिलं होतं, त्याच कसोटीवर तुम्हीही बघा, नुसत्या आडनावावर नको.

प्रश्न: १९६७ ला १९ आमदार, आता १. इतकं का घसरलं? सरळ उत्तर द्या, काँग्रेसनं फोडले, भाजपनं फोडले असं नको. (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, सरळच देतो, पण फोडाफोडी पूर्ण वगळून कसं चालेल? संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं, म्हणजे आमच्यातली गावपातळीवरची चांगली माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये नेली. तुमच्याच भागातले रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते, शेकापचे आमदार, काँग्रेसमध्ये गेले. सहकारी साखर कारखाना, जिल्हा परिषद, जिल्हा बँक, ही सगळी सत्तेची नवी केंद्रं काँग्रेसकडे, मग नुसता मोर्चा काढणाऱ्या पक्षात हुशार तरुण किती दिवस थांबणार.

पण खरं कारण मला त्याहून खोल वाटतं. आमचा पक्ष कुळाचा पक्ष होता. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कसणारा कूळ कायद्यानं जमिनीचा मालक मानला गेला, आणि ज्या मागणीसाठी लोक आमच्याकडे आले होते ती निदान कागदावर तरी पूर्ण झाली. ही हार नाही, हा आमचा विजयच! पण विजयानंतर काय, याचं उत्तर पक्षाला नीट शोधता आलं नाही. मालक झालेल्या शेतकऱ्याला आता भाव पाहिजे होता, पाणी पाहिजे होतं, कर्ज पाहिजे होतं. पाण्यावर आम्ही लढलो. पण शेतमालाच्या भावावर ८० च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं सगळं शिवार ढवळून काढलं आणि आम्ही बाजूला राहिलो. गावातला तरुण पोरगा, त्याला नोकरी नाही, त्याला रोजच्या रोज काहीतरी करायला देणारी शिवसेना मिळाली, कोकणात तर घराघरात. आम्ही त्याच्याशी दाभाडी प्रबंधाच्या भाषेत बोलत राहिलो.

आणि तरीसुद्धा बघा, १९७८ ला १३ होते, १९८५ ला परत १३ होते. कृष्णराव धुळप सलग दहा वर्षं, १९६२ ते ७२, विरोधी पक्षनेते होते, त्यांच्यानंतर दिबा. म्हणजे सभागृहात शेतकऱ्याचा आवाज म्हणून शेकापलाच ओळखायचे. सरकार पाडता आलं नाही पण सरकारला उत्तर द्यायला लावायचे, आकडे पाठ असायचे, अधिकारी घाबरून असायचे. शरद पवारांच्या पुलोदच्या, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात एन. डी. सर सहकारमंत्री झाले. हे सगळं हळूहळू आटत गेलं, १९९९ ला ५, २००९ ला ४, २०१४ ला ३, मग १.

गेल्या काही वर्षांची कारणं मात्र आमची आम्हीच तयार केलीत असं मला वाटतं. एक म्हणजे आघाड्या. लोकसभेला २०१९ मध्ये सुनील तटकरेंसाठी घरोघर फिरायचं आणि २०२४ मध्ये त्यांच्याच विरोधात अनंत गीतेंसाठी त्याच घरात जायचं, कार्यकर्त्यानं लोकांना तोंड कसं दाखवायचं? आणि एवढं करून जुलै २०२४ च्या विधान परिषदेला जयंतभाई पडले, मित्रपक्षांची मतं पुरली नाहीत, आणि विधानसभेला उरणसारख्या ठिकाणी आमचा आणि ठाकरे सेनेचा उमेदवार एकमेकांसमोर, शेवटी भाजपचा निवडून आला. दुसरं म्हणजे गावची बैठक. पूर्वी गावागावात महिन्याला बैठक व्हायची, मग निवडणूक असो नसो, कुणाचा बांध फुटलाय, खारं पाणी शेतात शिरलंय, कुणाच्या फेरफाराला तलाठी नोंद घालत नाही, हे तिथं बोललं जायचं. ती बैठक बंद पडली आणि तिच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप आला, त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा. बैठक बंद पडली की मग नेता गेला की गाव जातं. पेणला धैर्यशील पाटील भाजपमध्ये गेले, अलिबागला जयंतभाईंचे भाऊ पंडित पाटील गेले, पनवेलमधली मोठी नावं गेली, आणि त्यांच्यामागे गावं गेली कारण त्या गावात नेत्याव्यतिरिक्त पक्ष म्हणून दुसरं काही उरलंच नव्हतं. १९५० च्या दशकात जेधे-मोरे गेले तेव्हा गावं गेली नव्हती. सर, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

प्रश्न: घराणेशाहीबद्दल का लिहीत नाही? (एक वाचक, पनवेल)

लिहितो की. नारायण नागूंच्या घरानं पिढ्यानपिढ्या पक्ष सांभाळला याबद्दल मला आदर आहे, पैसा, तुरुंग, सगळं सोसलंय त्यांनी. पण त्याच घरात भांडण झालं की अख्ख्या जिल्ह्याचा पक्ष दुभंगतो, हे अलिबागनं नुकतंच बघितलं. कामगार-शेतकऱ्याच्या पक्षात जिल्हा चिटणीस हा एखाद्या आगरी, कोळी, आदिवासी, बौद्ध वस्तीतला, कुठलंही राजकीय आडनाव नसलेला माणूस असायला पाहिजे, बाईमाणूस असेल तर अजून चांगलं. मी हे पक्षाच्या बैठकीत बोलतो म्हणून इथंही बोलतोय.

प्रश्न: दि. बा. पाटील शेवटी शिवसेनेत गेले होते. मग नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणताना शेकाप इतका पुढं कसा? (एक वाचक, उरण)

गेले होते, खरं आहे, आणि तेव्हा आमच्यातल्या अनेकांना फार लागलं होतं. पण दिबांवर एका पक्षाची मालकी नाही. २०२१ ला जून महिन्यात जी मानवी साखळी झाली, नंतर सिडकोला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला, घेराव घातला, त्यात सगळ्या पक्षांचे भूमिपुत्र होते, झेंडे बाजूला ठेवून आले होते.

तरुण वाचकांना दिबा म्हणजे फक्त विमानतळाचं नाव वाटू नये म्हणून थोडं सांगतो. १९७० ला सिडको आली आणि ठाणे-पनवेल-उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं, भातशेती, मिठागरं, सगळं. दर इतका कमी की त्यात दुसरीकडे जमीन सोडा, घरही झालं नसतं. दिबा जासईचे, वकील, पनवेलचे आमदार, त्यांनी लढा उभा केला, आणि १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व मिळालं, म्हणजे जमीन गेली तर तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत. आज नवी मुंबईत आगरी-कोळी माणूस ज्या इमारतीचा मालक म्हणून उभा आहे ती बऱ्याच ठिकाणी या साडेबारा टक्क्यांवर उभी आहे. प्रकल्पग्रस्ताला नुसती नुकसानभरपाई नको, वाढलेल्या किमतीत हिस्सा पाहिजे, हा विचार देशाला शिकवला तो इथल्या शेतकऱ्यांनी. दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं, तिथं जरूर जा, २ ऑगस्टपेक्षा मला तो दिवस जास्त आपला वाटतो.

प्रश्न: मराठवाड्यात लाल बावटा संपला का? (एक वाचक, नांदेड)

संपला म्हणवत नाही पण फार थोडा उरलाय. उद्धवराव पाटलांचा उस्मानाबाद, केशवराव धोंडगे यांचं कंधार, हे गड होते आमचे. धोंडगे १९७७ ला नांदेडचे खासदार झाले, शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ ला गेले, मन्याडचा वाघ म्हणत त्यांना. गुराखी साहित्य संमेलन भरवणारा दुसरा पुढारी मला माहीत नाही, गुरं राखणाऱ्यांचं संमेलन! २०१९ ला लोहा मतदारसंघातून श्यामसुंदर शिंदे आमच्याकडून निवडून आले, राज्यातले एकटे, पण २०२४ ला तीही जागा राहिली नाही. मराठवाड्यात पीकविमा, सोयाबीनचा भाव, आत्महत्या, एवढे प्रश्न असताना तिथं पक्षाची बैठकही होत नसेल तर रायगडात कितीही मोठा वर्धापनदिन करा, मला तो अपुराच वाटणार.

प्रश्न: मी २३ वर्षांची आहे, पेण तालुक्यातली. आमच्या गावात प्रकल्पासाठी जमीन घेणार अशी चर्चा आहे, दलाल फिरतायत. वडील म्हणतात शेकापवाल्यांना भेट, पण मला राजकारण कळत नाही. मी पक्षात येऊन काय करणार? (एक वाचक भगिनी, पेण)

बाळा, तुझा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय आणि उत्तरही सगळ्यात जास्त विचार करून लिहितोय.

तुझ्याच तालुक्यात महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होता, तू तेव्हा खूप लहान असशील. हजारो एकर पिकती जमीन, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली, एका कंपनीसाठी सरकार घेऊन देणार होतं. तेव्हा एन. डी. पाटील सर, शेकापचे कार्यकर्ते, उल्का महाजनांची संघटना, गावोगावच्या समित्या, सगळे एकत्र आले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मतदान, हे देशात नवलाचं होतं. शेवटी संपादनाची मुदत संपली आणि तो सेझ झाला नाही. आज तुझ्या वडिलांच्या नावावर जमीन असेल तर त्यात त्या वेळी उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचाही वाटा आहे. एन. डी. सरांचं नाव तू कोल्हापूरच्या टोलच्या लढ्यात ऐकलं असशील, वयाची ऐंशी उलटलेला माणूस मोर्च्याच्या पुढं चालत होता आणि शेवटी तो टोल बंद झाला. जानेवारी २०२२ मध्ये ते गेले.

तर काय करणार? राजकारण नंतर कळेल, आधी कागद कळू दे. घरातला सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, काढ, ऑनलाईन मिळतो. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, आजोबांच्या पश्चात वारस नोंद झाली का, आत्या-काकूंची नावं लागलीत का हे बघ, कारण दलाल नेमका तिथंच घुसतो, एका भावाची सही घेतो आणि बाकीच्यांना कळतही नाही. सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' या रकान्यात कूळ किंवा बँकेचा बोजा आहे का ते बघ. मग तसंच शेजारच्या चार घरांचं बघून दे, बायकांना बरोबर बसव, त्यांना कुणी काही सांगत नाही.

नोटीस आली तर ती कुठल्या कायद्याखाली आली हे पहिल्यांदा वाच. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली तर ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत देता येते, आणि प्रकल्प खाजगी कंपनीचा असेल तर बाधितांपैकी ८० टक्के लोकांची संमती लागते, सरकार आणि कंपनीची भागीदारी असेल तर ७० टक्के. एमआयडीसीची नोटीस असेल तर तो कायदा वेगळा, १९६१ चा, त्यात कलम ३२(२) ची नोटीस येते आणि सुनावणीला हजर राहून म्हणणं मांडायचं असतं, तिथं गेलं नाही तर तुझी हरकत नाही असं धरून चालतात. हरकत प्रत्येक खातेदाराची वेगळी, लेखी, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. ग्रामसभेत विषय आधी अजेंड्यावर घ्यायला लाव आणि ठराव झाला की त्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून घे.

एवढं करून बघ आणि मग पक्षाच्या तालुका कार्यालयात जा, वडिलांना बरोबर घे, आणि गावाचे सातबारे फाईलमध्ये लावून टेबलावर ठेव. तिथं बसलेला माणूस फाईल उघडून वाचायला लागला तर सभासद हो. फोटो काढायला उभा राहिला तर या मासिकाच्या पत्त्यावर मला लिही, मी पेणला येतो, आपण दोघं मिळून पुढच्या गावात बैठक लावू.